तळपायावरची गोल जखम

फोन आला तेव्हा सिस्टर लेकीच्या तोंडाशी औषधाचा चमचा धरून उभी होती.

"तुम्ही बाबांचा पाय कापलात," पलीकडून बाईचा आवाज आला. "दुपारी मी तक्रार पाठवतेय. त्याआधी येऊन एकदा बघून जा, म्हणजे मागाहून म्हणायला नको."

लेकीने औषध थुंकलं. ते सगळं सिस्टरच्या खांद्यावर.

कोणाचे बाबा, हे विचारावं लागलं नाही. रिटायर झालेले बस कंडक्टर. साखर जुनी, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे वाकून स्वतःच्या पायाला हात लावता येत नाही. मागच्याच आठवड्यात सिस्टरने त्यांची नखं कापली होती आणि उजव्या चवड्यावरचं कुरूप ब्लेडने तासून सपाट केलं होतं.

हॉस्पिटलातल्या रात्रपाळ्या सोडून तिने हे काम सुरू केलं ते लेकीसाठी. बॅग स्वतःची, वेळ स्वतःची. म्हाताऱ्यांच्या घरी जायचं, पाय मांडीवर घ्यायचे, नखं, भेगा, कुरुपं बघायची आणि लेक झोपेतून उठायच्या आत घरी परतायचं. तक्रार गेली असती तर चौकशी संपेपर्यंत नोंदणी थांबली असती. म्हणजे हा धंदा बंद, आणि कुठलं हॉस्पिटलही दारात उभं करणार नाही.

तिने अंगावरचा कुडता बदलला. लेकीचं अंग अजून कढत होतं. सासूबाईंनी तिला कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, पाय लोकांचे, धावाधाव आपली. जा, मी आहे.

घर तळमजल्यावर होतं. बेल वाजवायच्या आत उघड्या दारातून कंडक्टर काकांचा आवाज सुरू झाला.

"आल्या सिस्टर. दारात उभ्या आहेत. बॅग खाली ठेवली, तुझ्या डाव्या हाताला. जपून."

काकूंनी हसून बॅगेला वळसा घातला आणि सिस्टरचा दंड धरून तिला आत घेतलं.

"बाबांचा रेडिओ," मुलगी म्हणाली. ती ऑफिसच्या कपड्यांत भिंतीला टेकून उभी होती. "जन्मभर थांबे ओरडले, आता घरात ओरडतात. बसा."

मुलगी विमा कंपनीत दावे तपासायची. खरं कोण, खोटं कोण हे बघणं तिचं रोजचं काम. तिच्याही डोळ्यांखाली झोप साचली होती. स्वतःचं घर, ऑफिस, वर आई-बाबांकडे रोज संध्याकाळची फेरी. सिस्टरला तिचा राग यायला हवा होता, पण तेवढी ताकद नव्हती.

सिस्टरने हातमोजे चढवले, काकांचा पाय मांडीवर घेतला आणि मोजा उतरवला.

जखम करंगळीच्या खाली, चवड्याच्या बाहेरच्या कडेला होती. अगदी गोल. मधे लालभडक, आणि कडेने कातडी पांढरी, लिबलिबीत, बराच वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी. जखमेच्या दोन्ही बाजूंना मोज्याची बारीक करडी लव चिकटली होती. त्या लवेच्या कडा सरळ होत्या, पट्टीने आखल्यासारख्या.

कुरूप मात्र होतं तिथेच होतं. जखमेच्या शेजारी, आतल्या बाजूला, पिवळसर ठिपक्यासारखं. तिने केलं होतं तसंच सपाट.

"काका, हे कधी लागलं?"

"तुम्ही ब्लेड फिरवत होतात ना, तेव्हाच. चर्रकन गेलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही दमलेल्या दिसत होतात. म्हटलं जाऊ दे."

मुलीने सिस्टरकडे पाहिलं. ऐकलंत ना, असा अर्थ त्या बघण्यात होता.

सिस्टरने वाद घातला नाही. बॅगेतून पेनासारखी एक दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा जाड धागा असतो. काकांना डोळे मिटायला सांगितले आणि धागा टेकला की 'हो' म्हणा म्हणाली. घोट्यावर टेकवला, हो. पोटरीवर, हो. मग उजव्या तळव्यावर, टाचेला, अंगठ्याखाली, कुरुपावर, जखमेच्या अवतीभोवती टेकवत गेली. काका डोळे मिटून वाट बघत बसले होते.

"झालं का सुरू?" त्यांनी विचारलं.

"झालं," सिस्टर म्हणाली आणि दांडी आत ठेवली.

हे काय चाललंय, असं मुलीने विचारलं. नेहमीची तपासणी, सिस्टर म्हणाली, आणि घरात पायाला कोण कोण हात लावतं ते विचारलं.

सकाळी आंघोळ घालायला मावशी यायच्या. त्या स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्याच होत्या. त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. स्वतःच्या मुलीचं बाळंतपण होतं म्हणून त्या गेले काही दिवस सुट्टीवर होत्या. काल परत आल्या, मोजा काढला आणि ओरडल्याच. त्याआधी पाय धड होता. सिस्टर येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनीच धुतला होता, बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसल्या होत्या. पोराची शपथ घ्यायला त्या तयार होत्या.

"मधल्या दिवसांत पाय कोणी धुतले?"

"मीच," काकू म्हणाल्या. "कोमट पाण्याने हो. कढत नाही घालत मी."

मुलगी रोज संध्याकाळी येत होती, पण तोवर मोजे चढवलेले असायचे. तिने पाय पाहिलाच नव्हता.

काकूंनी चहा केला होता. कप मांडले, पहिलं बोट कपाच्या काठावरून आत वाकवलं आणि ओतायला लागल्या.

"थोडा खाली राहू दे," काका म्हणाले. "हां, बस. सिस्टरांचा कप तुझ्या उजवीकडे."

चहा चांगला होता. सिस्टरने सकाळपासून पोटात काही घातलं नव्हतं. तिने कप संपवला, खाली ठेवला आणि मग विचारलं.

"घरात कुरुपाच्या पट्ट्या आहेत का?"

 काकूंचा हात साखरेच्या डब्यावर होता तिथेच राहिला.

"ब्लेडनेच झालंय ते," काका म्हणाले. जरा घाईनेच म्हणाले.

मुलीने विचारलं, कसल्या पट्ट्या? सिस्टरने सांगितलं. औषधाच्या दुकानात मिळतात, चिकटपट्टी असते, मधे एक गोल चकती. चकतीत आम्ल असतं. ते कुरुपाचं कडक कातडं मऊ करून खातं. धडधाकट माणसाचं ठीक. साखरेच्या पायावर लावली की कातडं, मांस, समोर येईल ते खात सुटतं, आणि माणसाला पत्ता लागत नाही. ब्लेड लागलं तर चीर पडते. गोल जखम ब्लेडने होत नाही. चकतीचा गोल जखमेत उमटलाय, आणि पट्टीचा डिंक राहिलाय त्यावर मोज्याची लव बसलीय, म्हणून ती अशी सरळ रेघेत आहे.

मुलगी खाली वाकून बघत राहिली. वाकडं का होईना, बघणं हा तिचा पेशा होता. तिने मान्य केलं. मग ताठ झाली आणि वळली.

"मावशी, उद्यापासून येऊ नका."

मावशी दारातून एक पाऊल पुढे आल्या. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान खाली घातली होती.

सिस्टरला आता निघता आलं असतं. तिच्यावरचा आळ गेला होता. घरी लेक तापली होती. बॅग उचलायची आणि बाहेर पडायचं. तिने बॅगेची चेन लावलीसुद्धा. मग मावशींच्या ओल्या हातांकडे तिची नजर गेली आणि ती परत स्टुलावर बसली.

"मावशी नव्हत्याच," ती म्हणाली. "पट्टी त्यांच्या सुट्टीत लागली, आणि त्या यायच्या आत निघाली. एकदा नाही, बदलून बदलून लावली असणार. त्याशिवाय एवढं खोल जात नाही."

"मग बाबांनी स्वतः?"

"त्यांचा हात गुडघ्याखाली पोचत नाही."

"म्हणजे मी?" मुलगी म्हणाली. "सरळ म्हणा ना."

"तुम्ही लावली असती तर कुरुपावर लावली असती. बघा, तो पिवळा ठिपका. कोणालाही दिसेल. पट्टी त्याच्या शेजारी लागलीय, चांगल्या कातडीवर. का? मी कुरूप सपाट केलं होतं, हाताला ते लागतच नव्हतं. हाताला कडक काय लागतं? करंगळीखालचं हाड. ज्याने पट्टी लावली त्याने डोळ्यांनी नाही, बोटाने जागा शोधली. हाडालाच कुरूप समजून त्यावर लावली."

काकांनी काकूंकडे मान वळवली.

"बाबांचा रेडिओ कंडक्टरकीचा नाही, ताई. बॅग डावीकडे, कप उजवीकडे, थोडा खाली राहू दे. ते कोणाला तरी सांगत असतात." सिस्टरने आवाज अजून खाली आणला. "काकू, तुम्हाला किती दिसतं?"

"सगळं दिसतं तिला," काका म्हणाले. "सुईत दोरा ओवते ती. काल—"

"पुरे आता," काकू म्हणाल्या.



काकूंनी चाचपत खुर्ची ओढली आणि बसल्या. "मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं," त्या मुलीच्या दिशेने म्हणाल्या. "तुझे कान दिसतात. चेहरा नाही दिसत."

"कधीपासून?"

"झालं की बरंच."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तूच म्हणाली होतीस ना, यांच्या खुब्याच्या वेळी. आणखी एक काही झालं तर दोघांनाही वृद्धाश्रमात ठेवेन म्हणून. तिथे बाया वेगळ्या, पुरुष वेगळे. मी विचारून घेतलं होतं फोन करून."

 मुलगी म्हणाली होती खरी. कुठल्याशा दमलेल्या संध्याकाळी, भांडी घासता घासता म्हणाली होती, आणि विसरूनही गेली होती.

बाकीचं काकूंनी हळूहळू सांगितलं. दिवसभर बसमध्ये उभं राहून हे घरी आले की पाय त्यांच्याच हातात असायचे. नखं त्या कापायच्या, तेल त्या लावायच्या. डोळे गेले आणि ते काम गेलं. सिस्टर चांगल्या, हात हलका, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मावशी सुट्टीवर गेल्या आणि पाय परत हातात आले. बोटाला कडक लागलं. वाटलं, कुरूप डोकं वर काढतंय, आपणच आवरू या. दुकानात फोन केला, पोरगा दारात देऊन गेला. रोज नवी पट्टी. मावशी यायच्या आदल्या रात्री काढून टाकली.

"वास आला होता गं जखमेचा," काकू म्हणाल्या. "पण वाटलं, औषधाचाच असेल."

सिस्टर काकांकडे वळली. "तुम्हाला ब्लेड चर्रकन लागलं म्हणालात. मघाशी तळव्यावर मी धागा किती वेळा टेकवला, तुम्हाला एकदाही कळलं नाही. तिथे सुई टोचली तरी कळणार नाही. खोटं का बोललात?"

काकांनी नजर चुकवली नाही. "मला ठाऊक नव्हतं ही काय लावते ते. म्हटलं, मलम असेल. काल मावशी ओरडल्या तेव्हा समजलं. मग विचार केला, सिस्टर तरुण आहेत, त्यांना दुसरं घर मिळेल. आम्हाला दुसरं घर मिळायचं नाही."

"मलाही धंदा एकच आहे, काका."

"हो," ते म्हणाले. "चुकलंच."

 माफ केलं म्हणायला सिस्टरची जीभ वळेना, आणि रागवायला बसली असती तर उठता आलं नसतं. तिने नवे हातमोजे चढवले आणि जखम धुवायला घेतली. मुलीने तिच्यासमोरच फोन काढला, लिहून ठेवलेली तक्रार पुसली आणि मावशींना चहा घ्यायला बसवलं. सॉरी असं ती नुसतं पुटपुटली. मावशी म्हणाल्या, ते राहू दे, साखर जरा जास्त घाला.

काकू पुढे सरकल्या. धरू का पाय, म्हणून विचारलं. सिस्टरने त्यांचा हात घेऊन टाचेखाली ठेवला. तो हात तिथे राहिला नाही. सवयीने वर सरकला, घोट्यावरून पायाच्या पाठीवर आला.

"इथे गरम आहे," काकू म्हणाल्या. "दुसरा पाय गार आहे."

सिस्टरने हातमोजा काढून हाताची मागची बाजू तिथे टेकवली. करंगळीच्या वरच्या अंगाला ऊब होती. लाली अजून वर यायची होती, म्हणून नजरेला काही दिसलं नव्हतं. जखम आत पसरायला लागली होती.

"आजच डॉक्टरांकडे," ती म्हणाली. "आत्ता. अजून वेळ गेलेली नाही, पण उद्यावर टाकू नका. आणि काकूंचे डोळेही दाखवून या."

मुलीने ऑफिसला फोन केला आणि गाडीची किल्ली शोधायला लागली. दारापर्यंत आली, थांबली.

"परवा ड्रेसिंगला याल का?" तिने विचारलं. तिला नकाराचीच अपेक्षा असावी.

सिस्टरला नाही म्हणावंसं वाटलं. खरंच वाटलं. दाराबाहेर पडून घरी जावं, लेकीशेजारी आडवं व्हावं, आणि या घराचा नंबर फोनमधून काढून टाकावा. तिने काकांच्या पायाकडे पाहिलं. काकूंचा हात अजून तिथेच होता.

"येईन. पण त्या वेळी तुम्ही घरी हव्यात. पाय धरायला एक माणूस लागतं, बघायला एक. काकू धरतील. तुम्ही बघा आणि शिकून घ्या."

"सुट्टी टाकते."

"आणि मी काय करायचं?" काकांनी विचारलं.

"तुम्ही खरं बोलायचं."

"मला तर काहीच लागत नाही हो पायाला."

"तेच सांगायचं," सिस्टर म्हणाली आणि बॅग खांद्याला लावली.