पट्टेदार शिंगांचा भिरूड

भिंगातून पाहता पाहता निशिगंधाचा चहा निवून गेला. आंब्याचं खोड पोखरणारा साधा भिरूड, पण त्याची लांब शिंगं पांढऱ्या पट्ट्यांची. असा किडा तिनं कुठल्याच पुस्तकात पाहिला नव्हता.

महाडच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची आणि भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. नवी जात निघाली तर तिचं नाव होणार होतं. खोटी निघाली तर हसं, आणि त्याला महाडात वेळ लागत नाही.

मग तिला शिंगांच्या मुळाशी तपकिरी डाग दिसला. शिंगं दुसऱ्याच किड्याची होती, चिकटवलेली.

उमरठ गावी बनुबाईच्या बागेत तिनं मागे किडे गोळा केले होते; त्याच गावाहून या किड्याची डबी आणली होती प्रयोगशाळेतल्या रितेशनं.

"डबी दिली कुणी?"

"बनुकाकीनं. ही फणसाच्या गऱ्यांची पिशवी पण तिचीच."

"वाटेत उघडलीस?"

"नाय मॅडम."

"चिकटवायला काय असतं तुझ्याकडे?"

"लेबलांचा डिंक. दुसरं काय नाय."

तिनं किडा कोमट पाण्यात ठेवला. शिंगं हलली नाहीत. मग थोडा विचार करून तिनं खोबरेल तेलाचं बोट लावलं. शिंग अलगद सुटलं. नवी जात गेली.

रविवारी ती उमरठला गेली. बनुबाई ओट्यावर एकटीच फणस फोडत होती. शेजारी हाताला लावायच्या तेलाची वाटी.

"काकी, डिंक असता तर पाण्यानं सुटला असता. पाण्याला दाद न देता तेलानं सुटतो तो फणसाचा चीक. शिंगं तुम्ही चिकटवलीत."

बनुबाईची सुरी थांबली.

"ज्याची शिंगं काढलीत, तो किडा कुठाय?"

"कोंबडीनं खाल्ला."

"पण का?"

"किडे गोळा करायचं तुजं काम संपलं तवा तूच म्हनलीस, नवा किडा गावला तरच येईन. लय शोधला गो. गावला नाय, म्हनून केला."

निशिगंधाला राग यायला हवा होता. आला नाही. आपण यावं म्हणून आजवर कुणी एवढा खटाटोप केला नव्हता.

"पुढच्या रविवारीही येते, काकी. किडा नको."

बनुबाईनं तेलाची वाटी तिच्याकडे सरकवली.

"आधी बस तर. मागल्या खेपेला उभ्या उभ्याच गेलीस."