जागचं न हललेलं फूल

गुन्ह्याचा छडा लावायचा तर मानवी मनाच्या अथांग तळाशी उतरावं लागतं, असं जाणकार सांगतात. या प्रकरणात तळ दोन फूट खोल होता आणि तिथवर पोचायला स्टूल पुरलं.

फोन आला तेव्हा धाकटी एका जळालेल्या गोदामात उभी होती. ती विमा कंपनीत दावे तपासायची. आत शिलाई यंत्रं ठासून भरली होती, असं गोदामवाला गहिवरून सांगत होता. धाकटीला राखेत एकही सुई दिसत नव्हती.

"आत्ताच्या आत्ता घरी ये," पलीकडून थोरली म्हणाली. "खून झालाय."

"कोणाचा?"

"कोरलचा."

"भावोजींच्या माशांच्या टाकीतला दगड?"

"दगड म्हणू नकोस, ते इथंच उभे आहेत. आणि खून आप्पांनी केलाय म्हणे. उद्या सकाळच्या गाडीनं त्यांना दादाकडे पाठवायचं ठरलंय."

"कोणी ठरवलं?"

"या घरात ठरवायचं काम एकाच माणसाकडे आहे," थोरली म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

आप्पा म्हणजे दोघींचे वडील. दादाचं घर चौथ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती आणि आप्पांच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. एकदा तिथं चढले की ते खाली यायचे चौघांच्या खांद्यावरूनच. धाकटी स्वतः महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. म्हणजे आप्पांना जागा एकच, थोरलीच्या घरातली पॅसेजलगतची खोली.

धाकटीनं गोदामवाल्याला सुया शोधून ठेवायला सांगितलं आणि ती निघाली.

दार अ‍ॅडमिरलनं उघडलं. हा थोरलीचा नवरा. पोटापाण्यासाठी तो बाथरूमच्या टाइल्स आणि नळ विकायचा. समुद्राशी त्याचं नातं बोट लागण्यापुरतं होतं. तरी मासे पाळणाऱ्यांच्या क्लबात सगळे त्याला अ‍ॅडमिरल म्हणत. हे नाव कोणी दिलं याची चौकशी करू नये. त्यानंच दिलं होतं.

"या मेहुणीबाई. बघा वडिलांची कामगिरी."

दिवाणखान्याची अख्खी भिंत टाकीनं गिळली होती. खारं पाणी, निळे दिवे, लाटा करणारे पंप. माणसांसाठी त्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. माशांची मात्र कसलीच गैरसोय नव्हती.

टाकीत उजवीकडच्या खडकावर अ‍ॅनिमोन बसलं होतं. मराठीत त्याला समुद्रफूल म्हणतात. पण ते फूल नव्हे, प्राणी. त्याला डोळे नाहीत, मेंदू नाही, फक्त एक पाय आणि शेकडो विषारी बोटं. जागा आवडली नाही की ते पाय सोडवतं आणि सरकत निघतं. वाटेत ज्या कोरलला बोटं लागतील ते भाजून निघतं. म्हणूनच शहाणी माणसं कोरलच्या टाकीत समुद्रफूल ठेवताना दहादा विचार करतात. अ‍ॅडमिरलनं एकदाही केला नव्हता. "माझ्या टाकीत शिस्त आहे," तो क्लबात सांगायचा. "माझं फूल वर्षभरात जागचं हललेलं नाही." आज संध्याकाळी क्लबाचे सभासद त्याच्या घरी येणार होते. व्याख्यानाचा विषय होता 'सहजीवन आणि शिस्त'.

आणि डावीकडच्या खडकावर जांभळं कोरल मरून पडलं होतं. अर्धंच. फुलाकडची बाजू पांढरीफटक, पलीकडची ठणठणीत. मधली कड इतकी सरळ, की कोणी गरम इस्त्री टेकवून उचलावी.

"केव्हा दिसलं?"

"पहाटे, दिवे लागल्यावर."

"आणि तुम्हाला फुलाचा संशय आला नाही?"

अ‍ॅडमिरल हसला. अडाण्यांसाठी राखून ठेवलेलं त्याचं एक खास हसू होतं.

"ते बघा फूल. उजव्या खडकावर, वर्षभर होतं तिथंच. त्याचं बोट इथवर पोचतं का? नाही. मग काय उरतं? आप्पांचा हात. साबणाचा हात! रोज हात धुतात आणि टाकीत बुचकळून माशांना खाणं घालतात. दहा वेळा बजावलं."

"साबणानं कोरल मरतं?"

"कोरल काय, सगळं मरतं. सगळ्यात आधी कोळंबी. फार नाजूक जात."

धाकटीनं टाकीत पाहिलं. एक पट्टेरी कोळंबी खडकावर बसून मिशा साफ करत होती. तब्येत उत्तम दिसत होती.

टाकीत नारिंगी-पांढऱ्या माशांची जोडी होती. असले मासे समुद्रफुलातच घर करतात. त्यांना ते विष बाधत नाही. मादी फुलात बसली होती, पण निम्मी बाहेर, तोकड्या पांघरुणात पाय उघडे पडावेत तशी. नर तर तिच्याजवळ नव्हताच. तो डावीकडे, मेलेल्या कोरलच्या शेजारी, एका उघड्याबोडक्या दगडावर अंग घासत होता. जरा दूर जाई, पुन्हा तिथंच येई.

"याला काय झालंय?"

"घाबरलाय. साबण!" अ‍ॅडमिरल म्हणाला.

आप्पा त्यांच्या खोलीत कॉटवर बसले होते. आरोपीच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नव्हता, दाढीचा होता.

"आप्पा, तुम्ही टाकीत हात घातलात?"

"घातला ना. रोज घालतो."

"आज?"

"आज कसा घालणार? पहाटे उठलो तर जावईबापू स्टुलावर उभे. बाही खांद्यापर्यंत वर, हात पाण्यात. मला म्हणाले, झोपा. मी झोपलो. परत उठलो तर मी खुनी."

"काल घातला होता?"

"काल संध्याकाळी. पण साबण कसला? साबण माझ्या बाजूला कधी असतो? वरच्या फळीवर ठेवतात, माझा हात पोचत नाही. मी नुसत्या पाण्यानं धुतो. हे तुझ्या ताईला सांगू नको, ओरडेल."

"मी इथंच उभी आहे आप्पा," थोरली दारातून म्हणाली.

"मग ओरड."

"आणखी काही दिसलं तुम्हाला?"

"ते फूल. कालपर्यंत केवढं होतं, परातीएवढं! जावईबापू रोज चिमट्यानं कोळंबीचे तुकडे भरवायचे त्याला, पाहुणे येणार म्हणून. आज बशीएवढं दिसतंय. मी म्हटलं तसं, तर म्हणाले, तुमचा मोतीबिंदू वाढलाय."

"आणि वाढलाय?"

"गेल्या वर्षी काढला की."

धाकटीनं खोलीभर नजर फिरवली. कॉट, कपाट, खिडकी. खिडकीखालच्या भिंतीवर पेन्सिलीच्या दोन बारीक खुणा, एकमेकींपासून सहा-सात फुटांवर. पलीकडे नवा, अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला विजेचा बोर्ड.

"हा बोर्ड कशाला?"

"मलाही कळलं नाही. माझ्याकडे विजेचं यंत्र एकच," आप्पांनी कानात बोट घालून दाखवलं. "ते सेलवर चालतं."

पॅसेजची फरशी काळी, चकचकीत. दुकानातला सगळ्यात महाग नमुना अ‍ॅडमिरलनं घरी लावला होता. त्या काळ्या फरशीवर वाळलेल्या पांढऱ्या ठिपक्यांची रांग उमटली होती. धाकटीनं वाकून एक ठिपका बोटानं टिपला आणि जिभेला लावला.

"शी! काय करतेस?" थोरली म्हणाली.

"ताई, आज फरशी पुसली नाहीस?"

"हेच नको म्हणाले. पाहुणे येताहेत तर ओली नको म्हणे. नाहीतर एरवी..."

ठिपके पाहुण्यांच्या बाथरूमच्या दाराशी संपत होते. दाराला कुलूप होतं.

"नळ बिघडलाय," अ‍ॅडमिरल मागून म्हणाला. नळ विकणाऱ्या माणसाच्या घरात नळ बिघडला होता आणि बसवणारा माणूस बोलावलेला नव्हता.

धाकटीनं दाराला कान लावला. आत बारीक घरघर चालू होती. बिघडलेले नळ ठिबकतात, घरघरत नाहीत.

"भावोजी," ती म्हणाली, "तुमचे पाहुणे येऊ द्या. मला व्याख्यान ऐकायचंय."

अ‍ॅडमिरलची छाती दोन इंच फुगली. सापळ्यात उंदीर पनीरसाठी जातो. काही उंदरांना श्रोता पुरतो.

संध्याकाळी सभासद आले. खुर्च्या दोनच असल्यामुळे बाकीचे उभे राहिले. एका खुर्चीत अध्यक्षबाई बसल्या. त्या दातांच्या डॉक्टर होत्या आणि बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडात बघत. दुसरीत आप्पा बसले. आरोपीला उभं ठेवावं असं अ‍ॅडमिरलच्या मनात होतं, पण गुडघ्यांपुढे त्याचा इलाज नव्हता.

"मित्रहो," अ‍ॅडमिरल म्हणाला, "फूल शिस्तीत राहिलं. शिस्त मोडली ती माणसानं!" आणि त्यानं आप्पांकडे हात केला. सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी मान लववली.

"एक मिनिट," धाकटी पुढे झाली. "अध्यक्षबाई, पाण्यात साबण गेला असता तर ही कोळंबी मिशा साफ करत बसली असती?"

"छे. ती आधी गेली असती."

"आणि साबणानं अर्धंच कोरल मेलं असतं? एवढी सरळ कड धरून?"

"नाही. हे भाजलंय. फुलाचं काम आहे."

"पण फूल हललेलं नाही!" अ‍ॅडमिरल ओरडला.

"अगदी खरं," धाकटी म्हणाली. "ते फूल हललेलं नाही. अर्धं हललं."

ती अ‍ॅडमिरलकडे वळली.

"भावोजी, तुम्ही व्याख्यानासाठी त्याला खाऊ घालून घालून परातीएवढं केलंत. असं फूल कधीकधी स्वतःलाच फाडतं आणि एकाची दोन होतात, हे मी दुपारी फोनवरून एका शोभेचे मासे विकणाऱ्याला विचारून घेतलं. तुम्हाला विचारायची गरजच नव्हती, कारण तुम्ही ते बघितलंत. एक अर्धं जागेवर राहिलं. दुसरं जागा शोधत डाव्या खडकावर गेलं आणि रात्रभर त्या कोरलला टेकून बसलं. आप्पांना फूल लहान दिसलं, कारण ते लहान झालंय. मादीला विचारा, तिचं निम्मं अंग बाहेर राहतंय."

सभासदांनी मादीकडे पाहिलं. मादीनं शेपूट हलवली.

"आणि नर मेलेल्या कोरलपाशी दगडाला अंग घासतोय, कारण रात्री त्याचं घर तिथं होतं. तो नव्या फुलाबरोबर गेला होता. सकाळी उठून बघतो तर घर गायब! चालत गेलं असतं तर टाकीतच कुठंतरी सापडलं असतं. ते उचललं गेलं. आप्पांनी पहाटे एका माणसाला बाही सरसावून स्टुलावर उभं पाहिलंय. त्या माणसानं फूल बादलीत टाकलं आणि पॅसेजमधून नेलं. बादली हिंदकळली. खारं पाणी वाळलं की मीठ उरतं; मी चाखून बघितलंय. बाथरूममधली घरघर हवेच्या पंपाची आहे."

"पण मग फेकून का नाही दिलं?" एक सभासद म्हणाला. "पुरावा ठेवला कशाला?"

"तुम्ही यांच्या घरी कधी जेवला नाहीत वाटतं," धाकटी म्हणाली. "फुकट मिळालेली गोष्ट भावोजी टाकत नाहीत."

"व्याख्यान वाचवण्यासाठी एवढं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"व्याख्यानासाठी फूल लपवलं. आप्पांवर आळ घेतला तो खोलीसाठी. खिडकीखाली नव्या टाकीची मापं आखून झालीत, बोर्डही बसलाय. फक्त कॉटवरचा माणूस हलायचा राहिला होता."

अ‍ॅडमिरलनं तोंड उघडलं. अध्यक्षबाईंनी आत पाहिलं. आत काहीच नव्हतं.

थोरली इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती नवऱ्यासमोर आली आणि तिनं हात पुढे केला.

"चावी."

"अगं, लोकांसमोर..."

"चावी."

चावी त्याच्या खिशातून निघाली. बाथरूममधून बादली आली आणि बादलीच्या तळाशी बशीएवढं फूल, रागानं आक्रसलेलं.

"पाय फाटला नाही ना काढताना?" अध्यक्षबाईंनी वाकून पाहिलं. "मुळाशी इजा झाली की सडतं. तुम्ही ओढून काढलंत? कमाल आहे! क्लबाचा नियम माहीत नाही तुम्हाला, अ‍ॅडमिरल?"

"अ‍ॅडमिरल नका म्हणू," थोरली म्हणाली. "नळवाले म्हणा. आणि ऐका हो, आप्पा कुठंही जाणार नाहीत. त्या खोलीत टाकी येणार असेल तर आधी मी जाईन. मग घरात तुम्ही आणि हे फूल, आणि स्वयंपाक फुलानं करायचा."

कोणी हसलं नाही. दोन सभासदांनी खोकला काढला.

"आप्पांची माफी मागा," धाकटी म्हणाली. "सगळ्यांसमोर."

नळवाला सासऱ्यांपुढे जाऊन उभा राहिला. आयुष्यात जावई म्हणून त्यानं पाट, नारळ आणि मान घेतला होता. द्यायची ही पहिलीच वेळ. त्यानं हात जोडले. घसा खाकरला. सगळे सभासद पुढे सरकले. थोरलीनं डोळ्यांना पदर लावला. आप्पांनी त्या जोडलेल्या हातांकडे बराच वेळ पाहिलं, मग हळूच खुर्चीत वळून पाठ त्याच्याकडे केली.

"जावईबापू, ते राहू द्या," ते म्हणाले. "हात रिकामे आहेत तोवर पाठीवर जरा खाजवता का? तिथं नाही, वर. हां. नखं लावा."