सकाळची सभा संपल्यावर

जेवणं उरकली, कंदील बारीक झाला, तेव्हा शिवशरणमामांनी भाच्यांना बजावलं की मधेच कोणी पाणी प्यायला उठायचं नाही. उठायचं तर आत्ताच उठा. कोणी उठलं नाही. मग मामांनी धोंडप्पाचं सांगितलं. धोंडप्पा त्यांच्याबरोबर होटगी स्टेशनात पॉइंट्समन होता, रूळ बदलायच्या कामावर. दोघांनी एका डब्यातली भाकरी खाल्लेली, त्यामुळं यात ऐकीव काही नाही. आणि गोष्टही जुनी नाही, गेल्या सालची, शहात्तरची.

धोंडप्पा त्या दिवशी सोलापुरात गेला होता तो रेडिओचे सेल आणायला. बातम्या सांगणाऱ्याचा घसा बसलाय, असं त्याच्या बायकोनं, गुरम्मानं, सकाळीच सांगितलं होतं. गुरम्मा अक्कलकोटाकडची, माहेरी कानडी बोलणारी. लग्न होऊन होटगीत आली तेव्हा मराठीत दोन वाक्यं बोलायची तर पदर तोंडात धरायची. मूलबाळ नव्हतं, नवरा सारखा ड्युटीवर. तिला मराठी शिकवली ती रेडिओनं. धोंडप्पा घरी आला की ती त्याला वाढता वाढता सगळा दिवस ऐकवायची. सकाळचे अभंग, मग बातम्या. मग कोणी डॉक्टर, लेकरांना पालेभाजी घाला म्हणून समजावणारा, जणू लेकरं ऐकणारच आहेत. दुपारी बायकांच्या कार्यक्रमात एका बाईनं डिंकाचे लाडू सांगितले आणि डिंक तळायचंच विसरली. नभोनाट्यात सासरा खोटंखोटं मेला. संध्याकाळी शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात दोन गडी हरभऱ्यावरच्या अळीवरून भांडले. मग बाजारभाव, मग दिल्लीच्या बातम्या. धोंडप्पा जेवता जेवता हसायचा. दिवसातला तो वेळ त्याला फार आवडायचा.

सेल घेऊन परतला तर शेजारची चंद्रव्वा दारात तूर पाखडत बसली होती. तिनं सहज विचारलं, पाव्हणं कवा जाणार? कुठले पाहुणे, धोंडप्पानं विचारलं. तर म्हणे, रोज न्याहारीनंतर तुझ्या घरात बोलतो तो; लई शुद्ध बोलतो, साहेबागत. धोंडप्पाला हसू आलं. तो रेडिओ, असं त्यानं सांगितलं. चंद्रव्वानं सूप खाली ठेवलं.

"रेडिओ आमी बी ऐकलाय की रं. रेडिओ आपला बोलतच ऱ्हातो. ह्यो थांबतो. गुरम्मा बोलली, की मग बोलतो."

उंबरा ओलांडेपर्यंत धोंडप्पाच्या ध्यानात दुसरीच गोष्ट आली. न्याहारीच्या सुमाराला आकाशवाणीची सकाळची सभा संपते. निवेदिका तसं सांगूनच जाते. दुपारची सभा सुरू होईपर्यंत केंद्र बंद, आणि दिवसा त्या पेटीवर दुसरं केंद्र लागायचंच नाही, नुसती खरखर. म्हणजे चंद्रव्वा म्हणते त्या वेळेला रेडिओ मुका असतो.

रात्री जेवताना त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, सकाळची सभा संपल्यावर काय ऐकतेस? गुरम्मा जराही अडखळली नाही. एक माणूस बोलतो, म्हणाली. बाकीच्यांसारखा घाईत नसतो. काय रांधलं, नळाला पाणी आलं का, माहेरची आठवण येते का, असलं विचारतो. कार्यक्रमाचं नाव काय? ते काही सांगत नाही, म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी आमटी वाढली.

लोक खोटं सांगून लपवतात. ही खरं सांगून लपवतेय, असं धोंडप्पाच्या मनानं घेतलं. गावात साहेबासारखं शुद्ध बोलणारे तिघं. स्टेशनमास्तर, शाळेतले गुरुजी आणि ग्रामसेवक. स्टेशनमास्तरांना दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. उरले दोघं. मग रूळ बदलतानाही त्याचं लक्ष गावाच्या वाटेवर राहायला लागलं. कोण कुठून येतो, कोणाच्या चपलांना त्याच्या गल्लीची माती आहे.

एक दिवस रजा काढून तो घरीच बसला. आवाज आला नाही. सभा संपल्यावर गुरम्मा तेवढी दोनदा दारापर्यंत जाऊन आली. ते त्यानं मनात ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्या नकळत रेडिओतले सेल काढले आणि कोटाच्या खिशात घालून ड्युटीवर गेला. संध्याकाळी चंद्रव्वाला गाठलं. आज बी होता की, ती म्हणाली.

त्यानं सेल गुरम्मासमोर ठेवले. ती सेलांकडे बघत राहिली, मग रेडिओकडे. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला.

"मग आज कोन बोललं?"

धोंडप्पाला ते नाटक वाटलं. त्यानं बायकोला जे बोलू नये ते सगळं त्या रात्री बोलून घेतलं, आणि सकाळी तिला गाठोड्यासकट माहेरच्या गाडीत बसवलं. ती रडली नाही. गाडी हलताना एवढंच म्हणाली, "एकदा घरात येकटं बसून बघा."

त्यानंतर तीन-चार दिवसांनी वेळ अमावास्या आली. सगळं गाव दुपारी शिवारात आंबील-भज्जी जेवून आलं आणि दिवेलागणीनंतर गाढ झोपलं. धोंडप्पा कोणाच्याच शेतात गेला नव्हता. त्याचा हिशेब सरळ होता. गुरम्मा नाही हे त्या माणसाला ठाऊक नसणार. अमावास्येचा अंधार, गाव झोपलेलं. आज येईल. त्यानं मागच्या दाराला कडी घातली, दिवा विझवला आणि पुढच्या दाराला पाठ लावून बसला. हातात काठी. कोणी दार ढकललं तर पाठीलाच कळेल.

विजापूरकडची गाडी गेली. तिचा आवाज बराच वेळ रुळांत राहिला. मग तोही गेला.

कुत्री गप्प झाली.

"गुरम्मा…"

दारातून नाही. घरातून. रेडिओच्या फळीकडून.

स्वच्छ आवाज. बातम्या सांगणाऱ्यासारखा. पण घाई नसलेला… एवढं बोलून तो थांबला.

वाट बघत होता.

धोंडप्पानं श्वास रोखला. मागच्या दाराची कडी तशीच. पुढचं दार त्याच्या पाठीला.

"जेवलीस?"

पुन्हा थांबला. या वेळी जास्त वेळ…

काठी हातातून कधी सुटली कळलं नाही. ती फरशीवर पडली, आणि त्या आवाजासरशी अंधारात काहीतरी त्याच्याकडे वळल्यासारखं झालं.

"धोंडप्पा. तिला कधी आणणार?"

दार कसं उघडलं ते त्याला आजही आठवत नाही. रुळाच्या कडेनं तो रात्रभर चालला. उजाडताना सासरच्या अंगणात पोचला तेव्हा गुरम्मा सडा घालत होती. तिनं आधी त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"बोलला?"

त्यानं मान हलवली. काय बोलला, ते तिनं विचारलं नाही. पाय धुवायला पाणी दिलं आणि आत जाऊन गाठोडं बांधायला घेतलं. अट एकच घातली, रेडिओ घरात नको. तो ग्रामपंचायतीत देऊन टाकला. तिथं तो आता चारचौघांच्या रेडिओसारखा वागतो. सभा संपली की गप्प.

"मग मिटलं की, मामा," एक भाचा म्हणाला.

मामा म्हणाले, रेडिओ नेला त्या संध्याकाळी धोंडप्पा रिकाम्या फळीखाली भिंतीला टेकायला गेला. भिंतीला त्यानं दसऱ्याला स्वतःच्या हातानं चुना दिलेला. आणि तिथं डाग होता. तेलकट, गोल. रोज कोणी डोकं टेकून बसलं की पडतो तसा. धोंडप्पानं बसून बघितलं. त्याचं डोकं डागाच्या वीतभर खाली आलं. गुरम्मा तर त्याच्याहून ठेंगणी.

त्यानं तिला विचारलेलं नाही. एकदा बोलून बसला होता, आता विचारायला तोंड नाही, आणि विचारलं तर ती काय सांगेल याची भीतीही आहे. त्यानं दोनदा चुना मारला.

परवा मामा त्यांच्याकडे चहाला गेले होते. धोंडप्पा त्या भिंतीकडे पाठ करून बसला होता. मामांनी जाता जाता डागाला बोट लावून पाहिलं.

तेल ताजं होतं.