बूट काढू नका

"बूट काढू नका!"

दाराच्या आत एक पाऊल टाकून एकनाथ सवयीनं वाकला होता, बुटाची नाडी सोडत होता, आणि मुलीचा तो आवाज त्याच्या वाकलेल्या पाठीवर काठीसारखा बसला. तो तसाच वाकलेला राहिला. या घरात प्लंबर आणि फर्निचर आणून टाकणारी माणसं सोडली तर कुणी कधी बुटांनिशी आत आलं नव्हतं… आणि आज, आपल्याच उंबऱ्यावर, आपणच!

"काम झालं की जायचंय तुम्हाला," आश्लेषा म्हणाली. "काढायचे-घालायचे कशाला?"

'तुम्हाला'! जन्मापासून 'तू' म्हणणारी पोर. शिकागोहून ती खास आली होती, कारण कोर्टानं एकनाथला परवानगी दिली होती ती एवढीच: मुलगी हजर असेल तर दिवसा घरी यायचं, घराची कामं करायची, निघून जायचं. आणि कामं तर साचलीच होती. मिनेसोटाचा हिवाळा घराची हाडं खिळखिळी करून जातो. पन्हळींत कुजलेली पानं, गॅरेजमध्ये गाडीच्या चाकांनी आणलेलं, रस्त्यावरचा बर्फ वितळवायचं मीठ, आणि मागच्या अंगणाकडच्या काचेच्या दाराला ठोकलेलं ते प्लायवूड…

स्वयंपाकघरात त्याची बायको प्रतिमा पाठमोरी उभी होती. तिनं वळून पाहिलं नाही. उजव्या दंडावरचा व्रण मात्र बाहीखालून त्याच्याकडे बघत होता.

नाडी पुन्हा बांधून तो आत गेला. बुटांनिशी.

* * *

प्लायवूड.

देवांग ते काढत होता. वीस वर्षांचा उंचापुरा मुलगा, हातात पहार. खिळे किंचाळत निघत होते. त्यानं बापाकडे एकदाही पाहिलं नाही.

"जरा बाजूनं घे, देवा. चौकट चिरेल."

"आय नो हाऊ टू डू इट!" पहार दाणकन आदळली. लाकडाची ढलपी एकनाथच्या गालाला चाटून गेली.

त्यानं गाल पुसला. मुलाच्या मानेवरची ती फुगलेली शीर त्याला ओळखीची होती.

नोव्हेंबरमधली ती दुपार पोलिसांना अशी सांगितली गेली: मी ढकललं. बायकोला. हो, काचेवर. नाही, मुलाचा काही संबंध नाही, तो खाली होता. मी. मीच.

ती दुपार अशी झाली होती: कॉलेजातून काढून टाकल्याचं देवांगनं घरी लपवलं होतं, आणि प्रतिमानं ते विचारलं, पुन्हा विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारताना ती मुलाच्या समोर उभी होती आणि पाठीमागे काच होती आणि

रक्त.

शेजारणीनं पोलिसांना फोन केला. या देशात अशा घरातून पोलीस रिकाम्या हातानं परत जात नाहीत. कुणाला तरी नेतातच. दारात गाडीचे लाल-निळे दिवे भिरभिरत होते, प्रतिमा टॉवेलात हात गुंडाळून भिंतीशी बसली होती, पोराचे ओठ पांढरेफटक पडले होते… आणि एकनाथनं स्वतःचे दोन्ही हात पुढे केले होते. प्रतिमानं तोंड उघडलं, आणि त्याच्या डोळ्यांतली विनवणी पाहून मिटलं.

तेव्हापासून तो हायवेलगतच्या मोटेलात राहत होता. मराठी मंडळातल्या लोकांनी फोन बंद केले. 'बायकोला मारणारा,' एवढीच त्याची ओळख उरली. एप्रिलअखेर सुनावणी होती. गुन्हा कबूल केला की ग्रीन कार्डही जाऊ शकतं, असं वकीलबाईंनी बजावलं होतं. जाऊ दे! त्या थिजलेल्या खोलीत त्याला एकच ऊब होती: आपण पोराला वाचवलं. पांघरुणासारखी ती ऊब तो अंगाभोवती ओढून घेत असे, आणि त्या उबेत, खरं सांगायचं तर, थोडा अभिमानही होता.

* * *

अंगणात मळकट बर्फाचे ढीग अजून वितळत होते. खालून पिवळं, चपटं झालेलं गवत वर येत होतं. एकनाथ शिडीवरून पन्हळीतली काळी पानं उपसत होता, तेवढ्यात त्याचं खाली लक्ष गेलं.

बर्फातून झाडांना पाणी घालायचा हिरवा होज डोकावत होता. त्याचं एक टोक भिंतीतल्या नळाला तसंच लावलेलं!

दरवर्षी पहिल्या कडक थंडीआधी तो होज सोडवायचा, झटकायचा, गॅरेजात टांगायचा. न सोडवला तर नळात अडकलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि पाइप भिंतीच्या आत फाटतो. हिवाळाभर पत्ताही लागत नाही. वसंतात कुणीतरी नळ सोडला की मग… गेल्या नोव्हेंबरात होज सोडवायचा तो शनिवार त्यानं कोठडीत काढला होता. घरातल्या इतर कुणालाही हे ठाऊक नव्हतं.

"आशू! नळ सोडू नको!"

"काय?" गॅरेजमधलं मीठ धुवायला आश्लेषा होजचं तोंड धरून उभी होती. नळ तिनं केव्हाच सोडला होता. होजमधून पाणी येत नव्हतं. पाणी आत चाललं होतं.

तळघरातून प्रतिमाची किंकाळी आली.

* * *

एकनाथनं शिडीवरून उडीच मारली, नळ बंद केला आणि जिन्यावरून खाली धावला. तळघरातल्या देवांगच्या खोलीतून पाणी बाहेर वाहत होतं. दारात देवांग उभा, दोन्ही हात चौकटीला लावून.

"कोणी आत जायचं नाही! आय विल हॅंडल इट!"

"अरे, भिंत फोडावी लागेल," एकनाथ धापा टाकत म्हणाला. "पाइप बघायला हवा, नाहीतर सगळं कुजेल."

"आय सेड नो!"

"वेडा आहेस का तू, देव?" आश्लेषा त्याच्या हाताखालून आत घुसली. पुस्तकांचं कपाट भिंतीला टेकून होतं, खालून भिजलेलं. तिनं खांदा लावून ते ओढलं. कपाट धाडकन कोसळलं, पुस्तकं पाण्यात पसरली.

मागे भिंतीत भोकं होती.

पाण्यानं पडलेली नव्हेत. मुठीएवढी, मुठीच्या आकाराची, काहींच्या कडांना तपकिरी डाग. ओलीनं पुन्हा उघडी पडलेली खालची दोन एकनाथला ठाऊक होती. ती त्यानंच गेल्या उन्हाळ्यात लुकण भरून, रंग लावून, कुणाला न सांगता बुजवली होती. पण वरची? एवढी सारी? ती त्यानं पाहिलीच नव्हती! तो हिवाळाभर इथं नव्हता…

आश्लेषानं एका भोकाच्या कडेला बोट लावलं. पांढरा भुगा बोटाला लागला. ताजा.

"बाबा नोव्हेंबरपासून या घरात नाही," ती हळूच म्हणाली. मग वळली. "देव… आईला कुणी ढकललं?"

"मी!" एकनाथ ओरडला. "मीच, आशू! ही भोकंही मीच पाडलीत, जुनी आहेत, फार जुनी…"

"गेट आउट!" देवांगनं दाराबाहेर अवजारांजवळ पडलेला घण उचलला. "ऑल ऑफ यू! गेट आउट!"

घण फिरला. आश्लेषाच्या कानाशेजारची भिंत फुटली, पांढरी धूळ उडाली. दुसऱ्यांदा फिरला तेव्हा एकनाथ मध्ये होता. दांडा त्याच्या भुवईवर बसला. बाप-लेक दोघं पाण्यात पडले, आणि रक्तानं डोळा भरलेला असतानाही एकनाथ मुलाला मिठीत आवळून पुटपुटत राहिला, "मीच रे… मीच केलं… सोड तो… मीच…"

"पुरे करा!"

जिन्याच्या पायथ्याशी प्रतिमा उभी होती. तिचा आवाज मोठा नव्हता. पण त्या घरात तो कित्येक महिन्यांत कुणी ऐकला नव्हता.

"पुरे करा हो तुमचं ते 'मीच'! त्याला वाचवलंत तुम्ही. आणि मला? मला कुणाच्या हवाली करून गेलात?"

एकनाथची मिठी सुटली.

"सगळा हिवाळा मी वर ओट्याशी उभी राहायचे. खालून ठोका आला की हातातली पळी गळायची. वाटायचं, ही भिंत झाली, आता पुढची मी. दाराला प्लायवूड, दिवसासुद्धा अंधार… तुम्ही असता तर मध्ये उभे राहिला असता, आत्ता राहिलात तसे! पण तुम्ही त्याच्या जागी जाऊन बसलात. आणि तुमचा शब्द खोटा पडू नये म्हणून मीही तोंड शिवून घेतलं. आपण दोघांनी मिळून पोराला काय शिकवलं, सांगा? की तू मार, कुणीतरी दुसरा भोगेल!"

एकनाथच्या अंगावरचं ते पांघरूण कुणीतरी ओढून काढलं. केवढी ही थंडी! कसल्या उबेत झोपत होतो आपण? त्याग, त्याग म्हणून ज्याला कवटाळलं, त्याची किंमत हिनं एकटीनं, अंधारात, रोज मोजली… "प्रतिमा," एवढंच तो म्हणाला. पुढचे शब्द हुंदक्यात बुडाले.

"आई?" देवांग पाण्यात बसून होता. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तू… यू वेअर अफ्रेड ऑफ मी?"

"होते," प्रतिमा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून धार लागली, पण ती त्याच्याजवळ गेली नाही. "अजून आहे, बाळा."

देवांगनं हातातल्या घणाकडे पाहिलं. मग बापाच्या भुवईकडे. घण त्यानं खाली ठेवला, एखाद्या झोपलेल्या जनावराला ठेवावं तसा, आवाज न करता, आणि लांब ढकलला.

* * *

पाइप सापडला. भिंतीत, उभा फाटलेला, मक्याच्या लाहीसारखा फुललेला. एकनाथनं तो कापला, तोंड बंद केलं. देवांग बादलीनं पाणी उपसत होता. आश्लेषा दिवा धरून होती.

वर, उरलेलं प्लायवूड प्रतिमानं स्वतः पहार घेऊन उपटलं. शेवटची फळी पडली आणि घरभर ऊन पसरलं, ओलं, थंड, डोळ्यांना बोचणारं.

देवांग पाठीवर बॅग लावून वर आला.

"बाबा, मोटेलची चावी दे."

"कशाला?"

"मी राहतो तिथे. ऑन मंडे तुझ्या वकिलांना भेटतो. आय विल टेल देम. सगळं." त्यानं बॅगचा पट्टा घट्ट ओढला. "आई इथे नीट झोपू दे."

एकनाथच्या जिभेवर आलंच होतं: नको रे, तुझं आयुष्य… आणि त्यानं प्रतिमाकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच पाहत होती. विनवणी आता तिच्या डोळ्यांत होती.

हात पुढे करणं सोपं होतं त्या दिवशी! आज तोच हात खिशात घालून चावीचं ते प्लास्टिकचं कार्ड बाहेर काढताना काळीज फाटत होतं… त्यानं कार्ड मुलाच्या तळहातावर ठेवलं.

"मी येतो सोमवारी. तुझ्याबरोबर. तुझ्या जागी नाही," तो म्हणाला. मग काहीतरी बोलायचं म्हणून, "तिथला हीटर हट्टी आहे. बाजूनं एक ठोसा घातल्याशिवाय चालू होत नाही."

देवांगनं स्वतःच्या सोललेल्या मुठीकडे पाहिलं.

"मग थंडीत झोपेन," तो म्हणाला.

उंबऱ्यावर तो घुटमळला. प्रतिमा दोन पावलं पुढे आली, थांबली, आणि तिनं चपाती-भाजीचा डबा लांबूनच, हात पूर्ण ताणून, त्याच्यापुढे धरला. त्यानंही तेवढ्याच लांबून घेतला. गाडी गेली.

एकनाथ दारातच उभा होता. भुवईवर टॉवेल, पायाखाली पाण्याचं थारोळं. आता कुठं जायचं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आश्लेषा त्याच्या पायांशी गुडघे टेकून बसली. नाडी भिजून फुगली होती, गाठ सुटेना. नखानं जमेना तेव्हा तिनं मान खाली घातली आणि ती गाठ दातांनी धरली. तिचे अश्रू त्या थारोळ्यात टपटप पडत होते.

"काढ ना, बाबा," ती म्हणाली. "बूट काढ."