मिथुनकाकाच्या भुवया

"काकाच्या भुवया कुठे गेल्या?" इंद्रजीतने विचारलं.

"गॅस पेटवताना जळल्या म्हणे," रुचिरा म्हणाली. "आणि हा माणूस जन्मात कधी चहा करत नाही!"

दोघं भावंडं कामोठ्याहून सुट्टीला पनवेल खाडीकाठच्या गावी आली होती. मिथुनकाकाने जुनी वॉटर स्कूटर घेतली होती, म्हणजे पाण्यावरची मोटरसायकलच. रविवारी नारळ फोडून तो पर्यटकांसाठी फेऱ्या सुरू करणार होता. भंगारातले मोटारीचे भाग लावून इंजिन त्याने स्वतःच दुरुस्त केलं होतं. वर वेग वाढावा म्हणून इंजिनाला पेट्रोल पुरवणारा मोठा पंप बसवला. काका म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस.

काका जेवायला बसल्यावर दोघं शेडमध्ये शिरली. स्कूटरच्या सीटखाली पेट्रोलचा पाइप ठिबकत होता आणि शेजारीच स्टार्टर होता.

"हा मोटारीचा आहे, ठिणग्या टाकतो," इंद्रजीत कुजबुजला. "सीट उघडी होती म्हणून काकाचं भुवयांवर भागलं. बंद सीटखाली पेट्रोलची वाफ कोंडली आणि कुणी बटन दाबलं, तर स्फोटच."

तेवढ्यात काका फोनवर बोलत आला. दोघं जाळ्यांच्या ढिगामागे दडली.

"पयली फेरी आनंदाला देतो," काका हसत होता. "फुटली तर फुटली. त्याच्यामागं रडाया कोन हाय?"

आनंदाबाबा काकाचे लांबचे चुलते. ना बायको, ना मूल. याच घराच्या पडवीत ते राहायचे.

"आनंदाबाबांना सांगू या," इंद्रजीत म्हणाला.

"छे. काका कानांवर हात ठेवेल. त्याला सगळ्यांसमोर पकडायचं," रुचिरा म्हणाली. तिला आत्तापासूनच मजा वाटू लागली होती.

रविवारी सकाळी इंद्रजीतने गुपचूप बॅटरीची वायर काढून ठेवली. किनाऱ्यावर गाव जमलं. आनंदाबाबा लाइफ जॅकेट घालून पुढे उभे होते. पहिला मान आपला, म्हणून बोळक्या तोंडाने हसत होते.

नारळ फुटला. रुचिरा मोठ्याने म्हणाली, "आजी, नव्या गाडीत आधी घरच्या लेकीला बसवतात ना?"

"बसवतात तर," म्हणत काकाच्या आईने, हौसाआजीने, त्याच्या छोट्या रियाला उचलून सीटवर बसवलं. रियाने हिरव्या बटनाकडे बोट नेलं.

काका चपलांसकट पाण्यात धावला. "रिया, दाबू नको! फुटंल ती!"

आजीने रियाला झटकन खाली घेतलं.

"आनि आनंदा बसला असता तर?" आजीने विचारलं.

मग रुचिराने त्याचं फोनवरचं वाक्य शब्दन् शब्द सांगितलं, गावाला ऐकू जाईल असं. आजीने काकाच्या कानाखाली वाजवली. सरपंचांनी पोरांची पाठ थोपटली आणि पेढे मागवले. "पोरं लय हुशार हायत," जो तो म्हणू लागला. रुचिराला आभाळ ठेंगणं झालं.

आनंदाबाबा जॅकेटच्या गाठीशी झटत होते. रुचिरा मदतीला गेली, तर त्यांनी तिचा हात बाजूला सारला.

"तुला कवापासून ठावं व्हतं?"

"शुक्रवारपासून."

"मंग मला एकट्याला येऊन सांगायचं ना, पोरी. मी आलोच नसतो."

सरपंचांनी तिच्या हातावर पेढा ठेवला. तो घेताना रुचिराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.