मागच्या दाराचं हँडल

कंदील जरा बारीक कर, लवू. एवढा मोठा ठेवलास की पाखरं येतात, आणि माझे डोळेही चुरचुरतात. हां, पुरे. आता सगळे पडवीतच बसा, मधेच उठून कोणी खळ्यात जायचं नाही. गोष्ट अर्धी टाकून उठलात तर उद्यापासून एक अक्षर सांगणार नाही, आधीच सांगून ठेवतो. तुम्ही मुंबईची पोरं, मालवणी ऐकली की दात काढता, म्हणून मराठीत सांगतो. पण जी माणसं जशी बोलली तशीच बोलतील. ती काय तुमच्यासाठी तोंड वळवायची नाहीत.

गोष्ट आपल्या गुरुदासची. वरच्या वाडीवरचा गुरुदास, परवा फणस घेऊन आला होता तो. माझा चुलतभाऊच लागतो. तो आधी बोटीवर खलाशी होता. आई गेली तेव्हा नोकरी सोडून मिठबावला आला तो कायमचाच. घरी बायको सत्यवती, आणि डोंगरउतारावर आईनं लावलेली हापूसची कलमं. जानकीकाकीनं, म्हणजे त्याच्या आईनं, खालच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी वाहून ती कलमं जगवली होती. भर वैशाखात, अनवाणी. मी बघितलंय.

पण गुरुदासच्या डोक्यात गाडी बसली. तेव्हा एसटी सकाळी एक यायची, ती चुकली की दिवस गेला. भाड्याची गाडी कोणाकडे नव्हती. गाडी चालवायला तो मुंबईला शिकलेला. गाडी घेतली तर आजारी माणूस डॉक्टराकडे जाईल, आंब्याच्या पेट्या वेळेवर पोचतील, आणि आपलंही पोट भरेल. विचार वाईट नव्हता हो. मीच म्हटलं होतं, बघ बाबा.

गाडी होती भिकाजीकडे. हा भिकाजी म्हणजे गुरुदासचा लहानपणापासूनचा दोस्त. एका बाकावर बसले, एका होडीतून पडले, एकाच्या लग्नात दुसरा करवल्यासारखा मिरवला. आदल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यानं एका सायबाची जुनी गाडी घेतली होती. चार दरवाजांची, काळी, विलायती. पंधरा दिवस आपल्या भागात फिरवली आणि भर आषाढात एकदम उचलून फोंडाघाटला नेली. घाटाखाली भाडी चांगली मिळतात म्हणाला. गुरुदास तेव्हा बोटीवर होता, त्याला यातलं काहीच ठाऊक नाही.

आता भिकाजीचा निरोप आला. माका मुंबैत काम गावलां. गाडी तू घे. पैसे नकोत, वरच्या डोंगरातली कलमं दे, गाडी ने. दोस्तांत कसला व्यवहार!

सत्यवती दोन दिवस जेवली नाही. म्हणाली, "आवशीन पाणी व्हावन वाडवलली कलमां ती. लोखंडाच्या बदल्यात देतास?"

गुरुदास म्हणाला, "अगो, भिकाजी आसा तो. परको कोण नाय."

झालं. तिथं बोलणं संपलं.

कार्तिक अमावास्येला, म्हणजे आपल्या देवळातल्या जत्रेच्या, दहीकाल्याच्या दिवशी, गुरुदास सकाळच्या एसटीनं फोंडाघाटला गेला. साल एकसष्ट. ठरलं असं की गाडी चालवून बघत दोघांनी गावात यायचं, आणि पटली तर दुसऱ्या दिवशी देवगडला जाऊन कागद करायचे. गाडी धुऊनपुसून ठेवली होती. गुरुदासनं चारी दारं उघडून बघितली. मागच्या डाव्या दाराला आतून हँडल नव्हतं. नुसतं भोक.

"ह्या खंय गेला रे?"

"पडला खंयतरी. कोल्हापुरासून आणून लावतंय." भिकाजी म्हणाला आणि दार लावून टाकलं.

आणखी एक गोष्ट गुरुदासच्या नजरेत आली. चालवणाऱ्यापुढे मागचं बघायला आरसा असतो ना, तो आढ्याकडे वळवून ठेवलेला. गुरुदासनं सरळ केला. थोड्या वेळानं बघतो तर भिकाजीनं पुन्हा वर वळवलेला. "ऊन येता डोळ्यार," म्हणाला. अरे, तेव्हा ऊन कुठलं, नांदगाव मागे पडेपर्यंत दिवेलागण झालेली. पण दोस्तावर विश्वास असला की माणूस बघून न बघितल्यासारखं करतो. गुरुदास गात होता म्हणे. खरंच, गाणी म्हणत आला.

गाडी पण झकास चालत होती. फक्त चढावर मागून जड वाटायची. मागे तर कोणी नव्हतं.

आता आपली शीम, गावाची हद्द, तुम्हाला माहीत आहे. तरीकडे, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीकडे, जायचा रस्ता फुटतो तिथं किंजळीचं झाड आणि खाली राखणदाराचा दगड. नवीन बैल असो, होडी असो, काही असो, गावात घ्यायच्या आधी तिथं नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. हे आपल्याकडे चुकत नाही. देणाऱ्यानं बोलायचं, घेणाऱ्यानं "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा तिथं बोललं की कागदावरची सही काय, नुसती शाई. गुरुदासनं नारळ, विडा सगळं घेतलं होतं. भिकाजी म्हणाला, "सकाळी बगूया, आता काळोख पडलो." गुरुदास ऐकेना. पहिल्यापासून देवभोळा.

रात्रीचे नऊ वाजून गेले असतील. सगळा गाव देवळात दहीकाल्याला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. लांबून दशावताराचा मृदंग ऐकू येत होता. गाडीचे दिवे चालू ठेवून दोघे दगडापुढे उभे राहिले. गाडी त्यांच्या पाठीशी.

भिकाजीनं सुरू केलं.

"बा राखणदारा म्हाराजा, आज ही गाडी तुझ्या शीमेर इली हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गुरुदास म्हणाला.

"मी गाडी दिलंय, गुरुदासान कलमां दिल्यान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गुरुदासला वाटलं, आपला आवाज मागून पुन्हा आला. हळू, जरा उशिरा. त्यानं वळून बघितलं. गाडी होती. बाकी काही नाही. म्हटलं, डोंगराचा पडसाद.

"दोगांचाय बरा कर रे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी पडसाद नाही आला. भिकाजी खाली वाकून घाईघाईत नारळ उचलायला लागला. गुरुदासनं त्याचा हात धरला.

"असो कसो फोडतंस? गाडी निर्मळ आसा म्हणान सांग आधी. ता सांगूक होया मां."

"देवाक दिसता ता."

"दिसता तर सांगूक काय जाता तुजा?"

 दिव्यांच्या उजेडात भिकाजीच्या कपाळावरचा घाम चमकत होता. कार्तिकातली थंडी, आणि घाम. गुरुदास मला सांगताना म्हणाला, तेव्हाच मी समजायला हवं होतं. पण नाही समजलो.

शेवटी भिकाजी बोलला. मान खाली घालून.

"ह्या गाडयेत... कोणाचो जीव अडाकललो नाय, म्हाराजा. कोणाचो तळतळाट नाय..."

गुरुदासनं "व्हय" म्हणायला तोंड उघडलं.

आणि गाडीतून आवाज आला.

"नाय म्हाराजा."

बाईचा आवाज. दमलेला. शांत.

पोरांनो, तुम्ही शंभर गाऱ्हाणी ऐकली असतील. "नाय म्हाराजा" म्हटलेलं कधी ऐकलंत? मी एवढा म्हातारा झालो, मी नाही ऐकलं. कोणी म्हणतच नाही. तोंडात येतच नाही ते.

नारळ भिकाजीच्या हातातून पडला, गडगडत रस्त्याच्या कडेला गेला. तो वळला नाही. गाडीकडे एकदाही बघितलं नाही त्यानं. कशाचा आवाज, कोणाचा आवाज, एक शब्द विचारला नाही. गुरुदासला तेच जास्त लागलं. म्हणजे ह्याला ठाऊक होतं!

"गुरुदास, तू थांब हय," भिकाजी म्हणाला. "मी कंदील घेवन येतंय. इलंयच."

आणि गेला. आधी चालत. मग धावत.

गुरुदास थांबला. का थांबला म्हणून विचारू नका. मीही विचारलं होतं. म्हणाला, "तेना थांब म्हणान सांगलां, म्हणान थांबलंय." चाळीस वर्षांची सवय ती. एवढ्या-तेवढ्यानं जात नाही.

गाडीचे दिवे पिवळे पडत गेले. मग विझले.

काळोख.

मृदंगही थांबला होता.

गुरुदासनं दगडाला हात लावून धरला. देवाचं नाव आठवेना. गाडीच्या मागच्या बाजूला कोणीतरी हळूच कूस बदलली. स्प्रिंग करकरली. मग...

"तो येतलो मां?"

गुरुदास दगड धरूनच म्हणाला, "येतलो."

स्प्रिंग पुन्हा करकरली.

"माका पण असाच सांगल्यान..."

बस्स. एवढंच.

गुरुदास मला म्हणाला, "दादा, भिती तेव्हाच गेली. रडू इला." ती गाडीत. हा दगडापाशी. एकाच माणसाची वाट बघत. कितीतरी वेळ. दव पडून त्याचा सदरा ओला झाला. देवळाच्या बाजूनं कंदील आला नाही, बॅटरी आली नाही, हाक आली नाही. मिठबावात घराघरांत कंदील, आणि त्यातला एक आणायला भिकाजीला सगळी रात्र पुरेना.

पहाटे कधीतरी गुरुदास उठला. गाडीजवळ गेला. काचेतून आत बघितलं नाही. डाव्या दारापाशी उभा राहिला आणि म्हणाला,

"बाये... तो येवचो नाय. माका पण फसवल्यान. तू पण जा. मी पण जातंय."



मग खट्.

आणि दार उघडलं. आतून.

गुरुदासनं डोळे मिटून घेतले. अंगावरून थंड वारं गेलं, ओल्या कापडाचा वास आला, आणि तरीकडच्या रस्त्यावर पावलं वाजत गेली. सावकाश. जड. भरल्या पोटाची बाई चालते तशी.

तो उजाडता उजाडता माझ्या पडवीवर आला. इथंच, लवू, तू बसलायस तिथं बसला. तोंड पांढरंफटक. तोपर्यंत कोणीतरी सांगत आलंच, भिकाजी कणकवलीच्या रस्त्याला लागलेला दिसला, हातात पिशवी. दोस्ताला रात्रभर शिमेवर उभा करून गडी मुंबईला पसार. मेल्यानं बायकोला तोंडसुद्धा दाखवलं नाही.

नेमका तेव्हाच तरीवरचा बाबली तारी मासे द्यायला आला होता. गुरुदास सगळं सांगत होता आणि बाबली दारात उभा राहून ऐकत होता. हँडलचं बोलणं निघालं तसा तो मटकन खाली बसला.

"काय झाला रे बाबली?"

बाबली म्हणाला, गेल्या वर्षी आषाढात खाडीला उधाण होतं, होडीची तर बंद होती. सकाळी तो खाडीकाठच्या आपल्या मांगरात, म्हणजे खोपटात, गेला तर आत एक पोर मरून पडलेली. पोटुशी. लक्ष्मी नावाची, पलीकडच्या डोंगरातली. घोव मुंबईला, घरात कोणी नाही, कळा सुरू झाल्या म्हणून एकटीच निघाली होती. एवढ्या पावसात ती तरीपर्यंत कशी पोचली, कोणी आणली, आणून कोणी टाकली, कोणालाच कळलं नाही. तिच्या उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. मुठीत एक लोखंडी दांडी. बाबलीला वाटलं, पेटीची कडी असेल. बोटं काही केल्या सुटेनात. शेवटी तशीच जाळली. दांडीसकट.

 गाडीत बाई मेली तर गाडीत कोण बसणार, हा हिशेब भिकाजीनं केला होता. बाई दाराचं हँडल सोडत नव्हती, म्हणून त्यानं हँडलसकट ओढून काढली होती. तिलाही हेच सांगितलं असणार, थांब हय, डॉक्टराक घेवन येतंय, इलंयच. एवढं सगळं करून ती गाडी आपल्या दोस्ताच्या गळ्यात मारायला निघाला होता. जानकीकाकीच्या कलमांच्या बदल्यात!

"माका भुतान फसवल्यान नाय, दादा," गुरुदास म्हणाला. "ता बिचारा खरा बोलला." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून एवढा मोठा बाप्या हमसून हमसून रडला.

ऊन वर आल्यावर आम्ही तिघे शिमेवर गेलो. गाडी तशीच उभी. नारळ गवतात पडलेला, अख्खा. मागचं डावं दार सताड उघडं. मी जवळ गेलो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, गुरुदासचं ऐकून सांगत नाही.

आतल्या बाजूला, त्या भोकात हँडल बसवलेलं होतं.

मी हात लावला. घट्ट होतं. माझी बोटं काळी झाली. बाबलीनं वाकून बघितलं आणि दोन पावलं मागे सरला.

"ह्याच," म्हणाला.

हँडलला राख लागली होती.