बाण आपोआप हलला तेव्हा

पडद्यावरचा बाण अचानक हलला आणि मी खुर्चीसकट मागे सरकले. माउस तर माझ्यापासून हातभर लांब होता!

"घाबरू नका डॉक्टर, मीच आहे," फोनच्या स्पीकरमधून आवाज आला. "सॉफ्टवेअर कंपनीतून बोलतोय. तुमचा कॉम्प्युटर मी इथून चालवतोय."

आवाज अगदी निवांत होता. माझ्या जनावरांच्या दवाखान्यात त्या दुपारी निवांत असं तेवढंच होतं.

सकाळी कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकून घेतली आणि तेव्हापासून पेशंटचं सॉफ्टवेअर एकच पालुपद लावून बसलं होतं – 'डेटा उपलब्ध नाही'. आणि नेमका आजच बेकरीवाल्या काकूंच्या साहेबानं मोजा गिळला. साहेब म्हणजे त्यांचा म्हातारा कुत्रा. ऑपरेशन लगेच करायला हवं होतं, पण मागे एकदा भुलीच्या एका इंजेक्शननं तो मरता मरता वाचला होता. ते कोणतं, हे फक्त सॉफ्टवेअरमध्ये होतं. इथले तेव्हाचे डॉक्टर फोन उचलत नव्हते. आणि काकू म्हणत होत्या, "दुधासारखं पांढरं होतं गं... की पांढरं चाललं होतं आणि दुसरं बाधलं? बाई, काहीच आठवेना!"

"सगळा डेटा गेला का हो?" मी विचारलं.

"गेला नाही, रुसलाय." बाण इकडून तिकडे पळाला. "नव्या सिस्टीमनं तुमचं नवं खातं उघडलंय. डेटा आहे जुन्या खात्याच्या ताब्यात. सॉफ्टवेअर हाका मारतंय, पण परक्याला तो ओ देत नाही."

"मला काही म्हणजे काही कळलेलं नाही."

"नाही कळलं तरी चालेल. आधी सगळ्याची कॉपी करून घेतो, मग कुलूप काढू. फक्त माउसला हात लावू नका... आत्ता त्यावर दोघांचे हात आहेत."

मी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. यात कान तापण्यासारखं काय होतं, कुणास ठाऊक!

कॉपीची पट्टी गोगलगाईच्या चालीनं भरत होती. मी साहेबाचं पोट तपासून, अंदाजानं भुलीची सिरिंज भरून ठेवून आले, तर पडद्यावर ताईचा मेसेज. 'साहेब कसा आहे?'

मी लिहिलं, 'ठीक नाही. आणि मीही ठीक नाही. कंपनीचा एक माणूस फोनवर आहे, काय आवाज आहे गं! लग्न झालं असेल का त्याचं?'

'मग विचार की त्यालाच!' ताईचं उत्तर.

तेवढ्यात, मी जिथे लिहीत होते त्या रिकाम्या चौकटीत एकेक अक्षर उमटू लागलं... 'नाही झालं.'

मी माझ्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हातांत कॉफीचा मग होता. ताईनं लिहिलं म्हणावं, तर चौकट माझी. कॉम्प्युटरला भूतबाधा झाली की काय? आणि मग ट्यूब पेटली. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"डॉक्टर... सॉरी," फोनमधला आवाज चाचरला. "ती खिडकी माझ्या कामावरच उघडली हो. वाचायचं नव्हतं मला. पण वाचल्यावर... गप्प बसवेना."

मी मग टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"पट्टी भरलीय. कुलूपही काढलंय," तो घाईघाईनं म्हणाला. "आता उघडून बघा."

उघडलं. सगळे पेशंट हजर! साहेबाच्या नावापुढे लाल खूण होती आणि त्या इंजेक्शनचं नाव. काकूंच्या अर्धवट आठवणीवर विसंबून मी ट्रेमध्ये भरून ठेवलेलं... तेच.

"सापडलं?"

"सापडलं!" म्हणत मी धावले. फोन ठेवायचंही भान राहिलं नाही.

दुसऱ्या औषधानं साहेब छान झोपला. मोजा अख्खा निघाला. काकू माझ्या गळ्यात पडून रडल्या. परत आले तर फोन बंद आणि बाण गप्प. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मला त्या माणसाचं काय आवडलं? आवाजच ना? मग एवढं कासावीस का व्हावं?

नंतर मी रोज सॉफ्टवेअर उघडून बसायचे. मेलं एकदाही बिघडलं नाही! कंपनीला फोन करावा, तर तक्रार काय सांगणार?

आणि एका सकाळी बाहेरच्या बाकावर एक मांजर, एक पोपट, एक ससा आणि एक उंच तरुण... मांडीवर काहीच नसलेला.

"तुमचा पेशंट कुठाय?" मी विचारलं.

"पेशंट नाही आणला."

तोच आवाज! मी दारातूनच म्हणाले, "कॉम्प्युटर... नीट चाललाय."

"माहितीय. तुमची तक्रारच येईना. वाट बघत होतो." त्यानं चष्मा उगाचच काढून पुसला. "त्या दिवशी मी उत्तर दिलं आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत. रागावलात, की... काही कळेना. माझी सगळी कामं लांबूनच होतात, डॉक्टर. हे लांबून होईना."

पोपटवाल्या आजी कान टवकारून ऐकत होत्या. ऐकू देत!

"रागावले नव्हते," मी म्हणाले. "मला तुम्ही आवडला होतात. नुसते ऐकूनच."

"आणि आता बघून?"

मी मान खाली घातली... आणि हसत दार सताड उघडलं.